‘चतुर्थीचा आजार’ : आइसलँडिक आणि फेरोईज विभक्तींची पार्श्वभूमी

आइसलँडमध्ये विसाव्या शतकात व्याकरणाच्या एका चुकीला चक्क आजाराचं नाव मिळालं. ‘थाउगुफाल्ससीकी’, म्हणजे चतुर्थीचा आजार. ‘मला हवंसं वाटतं’ यासाठी तिथलं शुद्ध वाक्य ‘मिग लाउंगार’. यातलं ‘मिग’ द्वितीयेतलं. बोलताना मात्र अनेक जण ‘म्येर लाउंगार’ म्हणतात, आणि ‘म्येर’ चतुर्थीतलं. हा वाद आपल्या चटकन लक्षात येत नाही, कारण स, ला, ते हे प्रत्यय मराठीत दोन्ही विभक्तींना सामायिक. ‘मला’ एकच. त्यामुळे हा आजार आपल्याला जडायची सोयच नाही.

आइसलँडिक आणि फेरो बेटांवरची फेरोईज, या दोन्ही भाषांचं मूळ नवव्या शतकात नॉर्वेहून गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या बोलीत. आइसलँडमध्ये बाराव्या शतकापासून लिखाण अखंड चालू राहिलं, १५८४मध्ये संपूर्ण बायबल छापून झालं. फेरो बेटांवर धर्मसुधारणेनंतर चर्च आणि कारभार डॅनिशमध्ये गेला आणि फेरोईज घराघरांत, गाण्यांत उरली. आजची तिची लेखनपद्धती १८४६ची. ती उच्चारापेक्षा जुन्या व्युत्पत्तीकडे बघून बेतलेली, म्हणून फेरोईज कागदावर आइसलँडिकच्या फार जवळची वाटते. बोलण्यातली षष्ठी मात्र जवळजवळ संपलीय.

आइसलँडने १९१८मध्ये सार्वभौमत्व आणि १९४४मध्ये प्रजासत्ताक मिळवलं, आणि या काळात भाषाशुद्धी हा राष्ट्राच्या अस्मितेचा भाग झाला. ‘म्येर लाउंगार’वर लाल शाई ओढली गेली ती या वातावरणात. वास्तविक चतुर्थीचे दाखले एकोणिसाव्या शतकापासून सापडतात, आणि त्यात बेशिस्त काहीच नाही. ज्याला इच्छा होते, ज्याला कशाची उणीव भासते, असा अनुभव घेणारा कर्ता द्वितीयेतून चतुर्थीत सरकतो, कारण अशा कर्त्यांची मोठी फळी आधीपासूनच चतुर्थीत आहे. ‘नाव वाहत किनाऱ्याला लागली’ या वाक्यातली नावही जुन्या पद्धतीने द्वितीयेत असते. पण ती सरकली तर प्रथमेत जाते, चतुर्थीत नाही. नावेला अनुभव कसला! इतक्या नेमाने होणाऱ्या बदलाला आजार म्हणणं हा निदानाचाच घोळ होता. पुढे अभ्यासकांनी ‘चतुर्थीकडचा कल’ असा सौम्य शब्द आणला, तरी लोकांच्या तोंडी जुनाच राहिला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि वीसेक वर्षांनी तशीच पुन्हा. चतुर्थी पसरलेली दिसलीच, शिवाय ‘मी’पेक्षा ‘तो’, ‘ती’च्या वाक्यांत ती जास्त निघाली. ‘मिग’ घोकून घेतलं होतं, पण ‘हेन्नी लाउंगार’ (तिला हवंय) तोंडातून निसटत होतं. धाकाचा दुसरा परिणाम आणखी गमतीचा. ‘मी आतुरतेने वाट पाहतो’ या अर्थाच्या क्रियापदाला शुद्ध कर्ता साधा प्रथमेतला, ‘येग’. चतुर्थी टाळायच्या नादात लोक तिथेही ‘मिग’ लावून बसतात.

मुळात ‘म्येर’ला कर्ता म्हणावं का, यावर १९७०च्या दशकापासून पुष्कळ लिहिलं गेलं. कसोटी आपल्या परिचयाची आहे. ‘तिला आपला भाऊ कंटाळवाणा वाटतो’ यात ‘आपला’ म्हणजे तिचा. आइसलँडिक वाक्य हुबेहूब असंच चालतं, म्हणून ‘तिला’ हाच कर्ता ठरला. क्रियापद मात्र ‘मला घोडे आवडतात’सारखं घोड्यांच्या वचनानुसार बदलू शकतं.

फेरोईजमध्ये इथेच वाट फुटते. ‘मेआर दोआमार’ (मला आवडतं) म्हणताना आवडणारी वस्तू द्वितीयेत जाते आणि क्रियापद एकवचनीच राहतं. स्वप्न पडण्याच्या क्रियापदाचा द्वितीयेतला कर्ता तर बोलण्यातून मागे पडला; आधी चतुर्थी शिरली, आता साधं ‘मी’ रुळलंय. डॅनिशचा प्रभाव हे एक कारण सांगितलं जातं. पण आइसलँडमधल्या नावेवर डॅनिशचा कुठला प्रभाव?

शतक बदलताना आइसलँडमध्ये ६५ शाळांतल्या दहावीच्या १,७०० हून अधिक मुलांना आणखी एका रचनेबद्दल विचारलं गेलं. ‘मी बडवला गेलो’ असं म्हणायच्या जागी ‘मला बडवण्यात आलं’ या धाटणीचं वाक्य, कर्म द्वितीयेतच ठेवलेलं. देशाच्या बऱ्याच भागांत मुलांना ते खटकलं नाही, राजधानीच्या जुन्या वस्तीत जास्त खटकलं. या वेळी शब्द जपून वापरला गेला : ‘नवा कर्मणी’.