सपाट चाप की वक्र चाप?

दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेच्या आधी प्रत्येक नेमबाजाचे शस्त्र तपासणीच्या टेबलावर जाते. तेथे पिस्तुलाची नळी सरळ वर धरली जाते, टेबलावर ठेवलेल्या ५०० ग्रॅम वजनाचा आकडा चापाच्या साधारण मध्यावर अडकवला जातो आणि पिस्तूल सावकाश उचलले जाते. वजन टेबलावरून अधांतरी झाले आणि तरीही चाप सुटला नाही, तर पिस्तूल नियमात बसले. या वेळी चापाचे पाते जवळजवळ आडवे असते. पाते वक्र असेल तर रहाटाच्या खोबणीत दोर बसावा तसा आकडा आपोआप सर्वांत खोलगट जागी जाऊन बसतो. सपाट असेल तर तो कोठे टेकवायचा हे तपासनीसाला ठरवावे लागते, आणि टोकाकडे टेकवला तर तोच चाप त्याच वजनाला सुटू शकतो. नेमबाजाच्या तर्जनीचेही नेमके हेच होते.

बहुतेक बंदुकांमध्ये चाप वरच्या बाजूच्या एका खिळीवर फिरतो, म्हणजे ती एक साधी तरफ असते. तरफेत परिणाम घडवतो तो बलाचा आणि आसापासूनच्या अंतराचा गुणाकार. समजा, खिळीपासून २० मिलिमीटर खाली बोट टेकले असता चाप सुटायला १००० ग्रॅमचा दाब लागतो. तेच बोट २५ मिलिमीटरवर टेकवले, तर ८०० ग्रॅम पुरतात. आतली स्प्रिंग तीच, घर्षण तेच. बोट केवळ पाच मिलिमीटर खाली सरकले आणि चाप एक पंचमांशाने हलका लागला. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. वरच्या जागी बोटाला दोन मिलिमीटर मागे जावे लागत असेल, तर खालच्या जागी अडीच मिलिमीटर जावे लागते. दाब कमी झाला तेवढी वाटचाल वाढली आणि एकूण कार्य तेवढेच राहिले.

वक्र चापात ही निवड कारागिराने आधीच करून टाकलेली असते. खोलगट भाग जेथे आहे तेथेच बोट घसरत येते, दर वेळी तेथेच थांबते, आणि त्यामुळे चाप दर वेळी सारखाच जड लागतो. सपाट चापावर उंचीची निवड नेमबाजाकडे येते. ज्याला हलका दाब हवा त्याने बोट खाली टेकवावे. पण मग ते प्रत्येक फैरीला त्याच जागी टेकले पाहिजे, कारण आज दोन मिलिमीटर वर आणि उद्या दोन मिलिमीटर खाली असे झाले, तर हाताला दर वेळी वेगळाच चाप भेटतो. सपाट चाप ‘हलका’ असतो असे सरसकट सांगितले जाते ते म्हणूनच अर्धवट आहे. बोट वर टेकवले तर तो जडही लागतो.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या आणि १९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या पिस्तुलाचा चाप फिरत नाही, तो पेटीच्या खणासारखा सरळ मागे सरकतो. येथे आस नाही म्हणून तरफही नाही, आणि बोट वर टेकले काय, खाली टेकले काय, दाबात फारसा फरक पडत नाही. अशा पिस्तुलावर सपाट पाते बसवण्याचे कारण बोटाला काय जाणवते एवढ्यापुरतेच उरते.

आता नेमाकडे वळू. मराठीत आपण चाप ‘ओढतो’, पण प्रशिक्षक सांगतात ते ‘दाबायला’, आणि या दोन क्रियापदांतच अर्धी नेमबाजी सामावलेली आहे. झटक्याने ओढलेला चाप नळीही हलवतो. दहा मीटरवर नळी अवघ्या ०.१ अंशाने कलली, तरी छर्रा सुमारे साडेसतरा मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच साडेअकरा मिलिमीटर आहे, त्यामुळे मधोमध धरलेल्या नेमाचे दहाऐवजी आठ गुण होतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चापाची वक्रता बाजूने पाहिल्यावर दिसते, म्हणजे ती बोटाला वर-खाली जागेवर धरते. तर्जनी दुमडताना तिचे टोक कमानीत फिरते आणि चापाला आडवा रेटा देते; त्या डाव्या-उजव्या चुकीवर सपाट पाते हा उपाय नव्हे. तिथे मुठीपासून चापापर्यंतचे अंतर आणि बोटाचे कोणते पेर पात्यावर येते, हे महत्त्वाचे ठरते.

मग निवड कशी करावी? माझ्या मते आधी चाप किती जड आहे ते पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफलला चापाच्या वजनाची किमान अट नाही. अशा रायफलींचे चाप इतके हलके ठेवता येतात की १०० ग्रॅमचा एक पंचमांश म्हणजे जेमतेम २० ग्रॅमचा फरक उरतो; तिथे पात्याचा आकार ही बव्हंशी सवयीची आणि आवडीची बाब होते. कोल्हापूरचीच राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई स्पर्धेची सुवर्णपदक विजेती ठरली, तिथे किमान १००० ग्रॅमची अट आहे, आणि २०० ग्रॅमचा फरक बोटाला स्पष्ट कळतो. दुसऱ्या टोकाला चार-पाच किलोंचा लांबलचक दाब मागणारे, त्याच दाबात घोडा मागे खेचून सोडणारे डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर. त्याच्या चापावर बोटाचा मोठा प्रवास होतो, म्हणून तेथे गुळगुळीत आणि वक्र पाते सोयीचे पडते. हातमोजे घातलेल्या किंवा घाईत शस्त्र हाती घेणाऱ्या माणसालाही बोट कोठे टेकते याचा विचार करायला वेळ नसतो; त्याच्यासाठी खोलगट जागेची शिस्त मोलाची.

ऑलिंपिक दर्जाच्या एअर पिस्तुलांत हा प्रश्न आणखी बारीक केलेला दिसतो. चापाचे पाते एका छोट्या दांडीवर पुढे-मागे सरकते, थोडे डावी-उजवीकडेही वळवता येते आणि एका स्क्रूने घट्ट होते. नेमबाज घरी ड्राय प्रॅक्टिस करताना, छर्रा न भरता, नेम धरून चाप दाबतो आणि नजर मात्र माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुंटीवर, ठेवतो. चाप सुटण्याच्या क्षणी माशी डावीकडे सरकली, तर तो चिमुकली किल्ली घेऊन पाते अर्धा मिलिमीटर हलवतो आणि पुन्हा नेम धरतो.