हात धरणाऱ्याचा तोल

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील फिरत होती. एक धिप्पाड गुरुजी हवेत नुसती बोटं हलवतो आणि समोरचे चार शिष्य धडाधड कोसळतात. खाली लिहिलेलं, 'प्रत्येक मुलीने हे शिकलंच पाहिजे.' मला अशा गोष्टींचा मनापासून राग येतो, कारण एखादी मुलगी खरोखरच त्या बोटांवर विसंबून राहील. न शिवता माणूस पाडणारी कुठलीही शक्ती नाही. त्या गुरुजींच्या हाताखाली न शिकलेला एखादा तिऱ्हाईत समोर उभा करा, तो जागचा हलणार नाही.

माणूस पडतो तो एकाच कारणाने. त्याच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे अंगाचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूतून, सरळ खाली सोडलेला ओळंबा त्याच्या पावलांच्या घेराबाहेर जातो, आणि पाऊल टाकून तो घेर सावरायला त्याला वेळ मिळत नाही.

गोव्यात फोंड्याला रविवारी सकाळी मी मुलींना ज्युदोची ओळख करून देतो. पहिले काही आठवडे आम्ही फक्त उभं राहायला शिकतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, उंचीच्या साधारण ५५ ते ५७ टक्क्यांवर असतो, बायकांचा पुरुषांपेक्षा किंचित खाली. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीत तो जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर येतो. नववीतली एक मुलगी, वजन ५५ किलो, पाय जुळवून उभी केली. खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळून त्याला मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळूहळू बाजूला ओढलं. साडेचार किलोला तिचा तोल गेला. मग तिला पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं केलं. तेव्हा काटा तेराच्या पुढे गेला.

याचं गणित शाळेतल्या तरफेचंच आहे. पाय जुळलेले असताना दोन्ही पावलांची मिळून रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १०. खांदा १३० सेंटिमीटरवर. ५५ गुणिले १० भागिले १३०, उत्तर ४.२ किलो. पाय फाकवल्यावर कड २५ सेंटिमीटरवर गेली, खांदा ११५वर उतरला. ५५ गुणिले २५ भागिले ११५, जवळजवळ १२. काट्यावर थोडं जास्त आलं, कारण माणूस म्हणजे लाकडाचा खांब नव्हे. ओढ लागली की अंग आपोआप उलट बाजूला कलतं. पाय फाकवून गुडघे वाकवण्याचा आणखी एक फायदा आहे. कड १०वरून २५वर गेली आणि गुरुत्वमध्य ९०वरून ७५वर आला, की पडण्याआधी कलायची मुभा ६ अंशांवरून १८ अंशांवर जाते.

पण त्याच मुलीला त्याच पवित्र्यात समोरून ओढलं, तर ती पूर्वीसारखीच सहज पुढे आली. पाय फाकवल्याने घेर रुंद झाला, खोल नाही झाला. पुढे-मागे आधार आहे तो फक्त पावलाच्या लांबीचा. दोन पायांचा माणूस म्हणजे तिसरा पाय नसलेलं तिवई स्टूल. दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेत तो भक्कम, त्या रेषेच्या काटकोनात कच्चा. फोंडा-पणजी बसमध्ये उभ्याने जाणाऱ्याला हे पायांनीच शिकवलेलं असतं. ब्रेक लागणार असेल तर एक पाय पुढे, भोमच्या वळणावर पाय बाजूला. कुठून धक्का येईल सांगता येत नाही तेव्हा पाय तिरके, एक पुढे आणि थोडा बाहेर. लढणाऱ्याचा पवित्रा तिरका असतो तो यासाठीच. तरीही कच्ची दिशा उरतेच, फक्त ती हल्लेखोराच्या समोर येऊ द्यायची नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीसमोर, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छतासमोर, फुगडी बघा. दोघींचे चवडे मध्ये जवळजवळ, अंगं मागे झुकलेली. प्रत्येकीचा ओळंबा तिच्या टाचांच्या मागे पडतो, एकटी असती तर पडली असती. पडत नाही, कारण समोरचीने हात धरलेत आणि ती उलट दिशेला झुकली आहे. दोघींचा मिळून एकच गुरुत्वमध्य, आणि तो मध्ये सुरक्षित. एकीचे हात सुटले की दोघीही मागे फेकल्या जातात.

मनगट धरून ओढणारा माणूस हीच फुगडी घालत असतो. जोर लावायला तो मागे झुकतो, आणि त्याला तोलून धरतं तुमचं उलट ओढणं. तुम्ही जितकं जिवाच्या आकांताने मागे ओढता, तितका त्याला भक्कम आधार देता. म्हणून ओढू नका. गुडघा वाकवून झपकन त्याच्याच दिशेने पाऊल टाका. दोर सैल पडतो, त्याचा ओळंबा टाचांमागे गेलेला असतोच. तेवढ्यात खांद्याने त्याच्या कच्च्या दिशेला रेटा द्या.

जपानचे शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, आणि हेच 'कुझुशी', म्हणजे तोल मोडणं, ज्युदोच्या मुळाशी ठेवलं. त्यांचं उदाहरण फार साधं आहे. समोरच्याची ताकद १०, माझी ७. तो रेटतो आणि मी अडवतो, तर हरणार. पण मी आपला तोल राखून मागे सरलो, तर तो पुढे झोकांडतो. त्या क्षणी त्याच्याकडे ३च उरतात, माझे ७ तसेच असतात. आपल्या कुस्तीतली टांग किंवा ढाकही आधी तोल हलवल्याशिवाय लागत नाही.

हे सांगून झाल्यावर त्या नववीतल्या मुलीने विचारलं, "सर, पण तो ओढतच नसेल, नुसता धरून उभा असेल तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हा तो स्वतःच्या पायांवर उभा आहे, तोल मोडायच्या भानगडीत पडायचं नाही. मुठीत चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यामध्ये फट. मनगट वळवून त्याची अरुंद कड त्या फटीकडे करायची आणि कोपर त्याच्या कोपराकडे ढकलायचं, म्हणजे आपला अख्खा हात त्याच्या एका अंगठ्याशी भिडतो. सुटला की पळायचं, थांबून दुसरं काही करायचं नाही.

तिने मैत्रिणीला मनगट घट्ट धरायला सांगितलं. पहिल्या दोन वेळा नुसतंच हिसडलं, तिसऱ्यांदा कोपर पुढे गेलं आणि हात सुटला. मैत्रीण आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "परत कर."