इग्वानापालन

हिरव्या इग्वानाला (शास्त्रीय नाव इग्वाना इग्वाना) बंदिवासात ठेवून वाढविण्याची पद्धत. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत आढळणाऱ्या या वृक्षवासी सरड्याचे वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह सु. दीड मी. वा त्याहून लांब होतो. विकले जाते ते वीतभर पिलू. हौसेखातर घेतलेल्या पुष्कळ इग्वानांची आबाळ होते ती या फरकामुळेच. निगा नीट राखल्यास आयुर्मान १५ ते २० वर्षे.

मध्य अमेरिकेत मांस व अंड्यांसाठी इग्वानाची शिकार फार पूर्वीपासून होत आली आहे. घरात पाळण्याची हौस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १९९० च्या दशकात एल साल्वादोर व कोलंबियातील पैदास केंद्रांतून लाखो पिले निर्यात झाली. जीवशास्त्रज्ञ डॅगमार वेर्नर यांनी १९८० च्या दशकात पनामात सुरू केलेला प्रकल्प मात्र वेगळा. त्याचा उद्देश मांस व वनसंवर्धन हा होता. दोहोंची गल्लत करू नये.

आहार : लहान इग्वाना कीटक खातात, अशा नोंदी जुन्या साहित्यात आहेत. त्यांच्या आधारे पिलांना रातकिडे, अंडी, प्रसंगी कुत्र्याचे तयार खाद्यही देण्याची शिफारस होत असे. नंतरच्या क्षेत्राभ्यासांत मात्र पिलेही मुख्यतः पानांवरच जगतात असे दिसते. जीवशास्त्रज्ञ कॅथरीन ट्रॉयर यांच्या १९८२ च्या संशोधनानुसार पिले आरंभीच्या आठवड्यांत मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि पाने आंबवून पचविणारे सूक्ष्मजीव त्यांच्या बृहदांत्रात येतात. हे पाहता पूर्ण शाकाहाराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. प्राणिज प्रथिनांच्या अतिरेकाचा संबंध मूत्रपिंडाच्या विकारांशी व गाऊट या संधिवाताशी जोडला जातो.

आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट असावे. तुतीची कोवळी पाने, लसूणघास, जास्वंदीची फुले व पाने यांवर मुख्य भर ठेवतात. भोपळा, घेवडा व थोडी पपई जोडीला. पालक, राजगिरा, चुका यांतील ऑक्झॅलिक अम्ल कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून त्या क्वचितच द्याव्यात. केळी इग्वाना आवडीने खातो, पण तेवढ्याने ती योग्य ठरत नाहीत.

प्रकाश व उष्णता : सु. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते. ते तोंडावाटे देऊन भागते काय, याविषयी मतभेद आहेत. या जातीत केवळ त्यावर विसंबू नये, असाच बहुतेक पशुवैद्यांचा कल आहे. किरण न मिळाल्यास मुडदुसासारखा अस्थिविकार जडतो : जबडा मऊ पडतो, पाय सुजतात, हाडे सहज मोडतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी, कारण साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडविते. विशेष दिव्यांचा जंबुपार उत्सर्गही दिवा चालू दिसत असतानाच घटत जातो. शेकण्याच्या जागी सु. ३५° ते ३८° से. तापमान हवे, पिंजऱ्याचा दुसरा भाग त्याहून थंड. पुणे-नासिककडील हिवाळी रात्री त्यामुळे उबेची सोय लागते. मुंबईत प्रश्न थंडीचा नसून पावसाळ्यातील अपुऱ्या उन्हाचा आहे. पिंजरा लांबीपेक्षा उंचीला मोठा असावा व आत चढण्यास जाड फांद्या असाव्यात.

मादी नराशिवायही अंडी धरू शकते. घालण्यास मऊ माती न मिळाल्यास ती पोटातच अडकतात. विष्ठेतून माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जीवाणू पसरत असल्याने हाताळणीनंतर हात धुणे आवश्यक असते.

सोडून दिलेल्या इग्वानांनी फ्लॉरिडात उपद्रव माजविला. तेथे २०२१ पासून ही जात निषिद्ध यादीत आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती चौथ्या अनुसूचीत (आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत) येते व पाळणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. घोरपड मात्र सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत असून ती घरी पाळणे गुन्हा आहे.