रजा संपल्यावरचं दूध

बाळाला पाजायची वेळ टळली की आईचे स्तन दाटतात, ठणकतात, कधी गाठीही होतात. त्याच वेळी आत आणखी एक गोष्ट घडत असते. साठून राहिलेलं दूधच पुढच्या दुधाला आवर घालतं. स्तन रिकामे झाले नाहीत, तर दूध तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. जितकं निघेल तितकंच बनणार. नऊ तास ऑफिसात आणि दोन तास लोकलमध्ये काढणाऱ्या आईचं दूध ‘आटलं’ की घरात तिच्या खाण्यापिण्याकडे बोट जातं, अळिवाचे लाडू वाढवले जातात. लाडू चांगलेच, पण अडचण वेळापत्रकाची असते.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचंच दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशोब जुळल्यासारखा वाटतो. पण यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेतले, तर बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना आई कामावर हजर.

या रजेने बाळं वाचतात का? कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या २० देशांतले सुमारे तीन लाख जन्म तपासणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पगारी रजा महिनाभर वाढली तिथे अर्भकमृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले, आणि फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंमध्ये होता. हे पटण्यासारखं आहे. सुरुवातीला अपुरे दिवस आणि प्रसूतीतली गुंतागुंत जिवावर बेतते. पुढे जुलाब आणि न्यूमोनिया, आणि तिथे अंगावरचं दूध नि वेळेवरची लस कामी येते.

म्हणून रजेइतकीच मोलाची वाटतात ती कायद्यातली कमी चर्चेतली कलमं: मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी, ५० कर्मचाऱ्यांपासून पुढे पाळणाघर, आणि तिथे चार वेळा जायची मुभा. पाळणाघर नसेल तर दूध काढून ठेवायचं. २५ अंशांपर्यंत ते चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. (नागपूरच्या मे महिन्यात ते चार तास विसरावेत.) एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष दिसतात, अनेक ऑफिसांत मात्र आडोसा म्हणून बाथरूमच उरतं.

खर्च कोणी करायचा, हा वाद जुना आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असं मांडलं होतं. १९२९ च्या कायद्याने तो मालकावर टाकला. कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेर (ईएसआय) आजही तो मालकावरच आहे, आणि तरुण बाईला नोकरीच न देण्याचा मोह त्यातूनच होतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचं एकच एकक, धरला जातो. दिवस बुडाला की खाड्याचे पैसे कापले जातात. तिथे मस्टर नाही, मालक नेमका कोण हेही बहुतेकदा कागदावर नसतं. २६ आठवडे मोजायला सुरुवातच होत नाही.