किनारी जुनिपर वने

भूमध्य समुद्राकाठी वाळूच्या टेकड्यांवर जुनिपरची ठेंगणी, दाट वने आढळतात. जुनिपर ही सायप्रस कुलातील सदाहरित प्रकटबीज (उघड्या बियांची) वनस्पती असून आयुर्वेदातली हपुषा याच प्रजातीतली. किनाऱ्यावर प्रामुख्याने मोठ्या फळांचा जुनिपर (जुनिपेरस मॅक्रोकार्पा) आणि फिनिशियन जुनिपर वाढतात. स्पेनमधील दोन्याना, इटलीचे सार्डिनिया आणि ग्रीसचे क्रीट येथे ही वने आहेत. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात त्यांना प्राधान्याने जपायच्या अधिवासांत स्थान आहे.

समुद्रालगतची गवते उडती वाळू धरतात आणि त्यांच्या आडोशाने मागे जुनिपर रुजतो. खाऱ्या वाऱ्यामुळे तो उंच न होता आडवा पसरतो. वाळूला टेकलेल्या फांद्यांखाली पालापाचोळा साठतो, ओल टिकते आणि इतर झुडपांची रोपे तगतात. एका झाडाभोवती अशी छोटी वस्तीच जमते. मोठ्या फळांच्या जुनिपरमध्ये नर-मादी झाडे वेगळी असतात. मादीचे फळासारखे शंकू दुसऱ्या वर्षी पिकतात. ते खाणारे पक्षी, ससे आणि कोल्हे बिया दूर नेतात. मात्र बऱ्याच बिया पोकळ निघतात आणि रुजलेली रोपे उन्हाळ्यात करपतात.

या वनांचे खरे दुखणे इथेच आहे. म्हातारी झाडे हिरवी दिसतात म्हणून वन सुखरूप वाटते. पण पायाशी रोपे नसतील तर ते वन संपत चाललेले असते. किनाऱ्यावर सावली एवढीच, म्हणून पर्यटक तंबू नेमके झाडाखाली ठोकतात, रोपे तुडवतात, शेकोटीसाठी फांद्या तोडतात. आगीत जळालेला जुनिपर बुंध्यातून सहसा पुन्हा फुटत नाही. वाळू थोपवण्यासाठी काही ठिकाणी लावलेल्या पाइनची दाट सावलीही त्याला मारक ठरते. कोकणच्या पुळणीवर सुरूची झाडे लावली गेली तीही वाळू थोपवण्याच्याच हेतूने.

क्रीटच्या दक्षिणेचे निर्जन ख्रिसी बेट आणि नैर्ऋत्य टोकाजवळचे केद्रोदासोस ही ठळक उदाहरणे. केद्रोदासोस म्हणजे 'देवदारांचे वन', पण तेथे देवदार नाहीत. स्थानिक लोक जुनिपरलाच 'केद्रोस' म्हणतात. क्रीटमध्ये २००९ साली सुरू झालेल्या जुनिकोस्ट प्रकल्पात स्थानिक बियांपासून रोपे वाढवून लावली गेली आणि पर्यटकांची ये-जा ठरावीक पायवाटांपुरती ठेवण्याचा प्रयत्न झाला. तेथे वाळलेली फांदीसुद्धा उचलू नये, कारण तिच्या आडोशाला रोप तगू शकते.