कवीचं नाव झाकून ठेवा

केंब्रिज विद्यापीठात साहित्य शिकवणाऱ्या आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, त्याही कवींची नावं काढून. हव्या तितक्या वेळा वाचा आणि काय वाटलं ते लिहून आणा, एवढंच सांगितलं. १९२९ साली त्यांनी हे सगळं पुस्तकरूपानं मांडलं. जॉन डन आणि हॉपकिन्स या नावाजलेल्या इंग्रजी कवींच्या कवितांना अनेकांनी चक्क नावं ठेवली होती. मुलं हुशार होती, पण समोरचे शब्द वाचण्याआधीच त्यांची मतं तयार होती.

असं का होतं, याचं उत्तर त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या प्रयोगात सापडतं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. गोष्टीतली सीलची शिकार काहींच्या लिखाणात मासेमारी झाली, भुतांचा अनोळखी भाग गळाला. वाचलेलं आपण जसंच्या तसं साठवत नाही, ओळखीच्या साच्यात बसवून घेतो. परक्या काळातली, परक्या समाजातली कथा वाचताना तर हे हमखास घडतं.

म्हणूनच तयार रसग्रहणं लिहून देणं मला घातक वाटतं. आधीच्या साच्यावर त्यानं आणखी एक साचा चढतो, बाकी काही नाही. त्यापेक्षा वर्गात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: कशावरून? 'नायक स्वार्थी आहे.' कशावरून? कोणत्या वाक्यावरून? मग विद्यार्थ्याला पानाकडे परतावंच लागतं.

हे परतणं डोळ्यांच्या सवयीतच आहे. वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही. साधारण पाव सेकंद थांबते, उडी मारते आणि मधूनच मागे जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वाचून झालेले शब्द पडद्यावर लगेच झाकले गेले. मागे वळून पाहायची सोय गेली आणि आकलन घसरलं.

म्हणून पहिल्या वाचनानंतर लिहिलेलं टिपण विद्यार्थ्याला फाडू देऊ नये. दुसरं वाचन झाल्यावर नवं टिपण त्याच्या शेजारी ठेवायचं आणि कोणत्या शब्दामुळे मत बदललं, तो शब्द पानावर शोधून दाखवायचा. मत बदललं नसेल, तर ते ज्या शब्दावर टिकून आहे तो दाखवायचा.