दाराची बीडिंग आणि वाऱ्याचा आवाज (मोटारगाडी)

मोटारीचे दार आणि सांगाडा यांमधली फट बुजवणाऱ्या रबरी पट्टीला गॅरेजमध्ये ‘बीडिंग’ किंवा नुसते ‘दाराचे रबर’ म्हणतात. हे रबर झिजले, दबून चपटे झाले किंवा जागेवरून सरकले की वेगात असलेल्या गाडीत शिट्टीसारखा किंवा सूं-सूं असा आवाज येतो. शहरातल्या ताशी ४०–५० किमी वेगाला तो रहदारीत विरून जातो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमीपर्यंत मुभा आहे. तिथे मात्र तोच आवाज शेजारच्याशी बोलणे अवघड करतो. वाऱ्यामुळे होणाऱ्या आवाजाची शक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे वेग ६० वरून १२० झाला की ती सुमारे ६४ पट, अर्थात १८ डेसिबलने वाढते.

बहुतेकांना वाटते की बाहेरचा वारा फटीतून आत घुसतो. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. पुढची काच आणि दार यांच्यामधल्या खांबाला वळसा घालताना हवेचा वेग वाढतो, तिथे भोवरे उठतात आणि दाराच्या काचेबाहेर दाब कमी होतो. केबिनमधली जास्त दाबाची हवा बाहेर ओढली जाते आणि दाराची वरची चौकटही तिच्याबरोबर किंचित बाहेर खेचली जाते. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा गतिजन्य दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे चौरस मीटरवर ४७ किलो वजन ठेवल्याइतका असतो. उभ्या गाडीत घट्ट बसलेले रबर धावत्या गाडीत फट सोडते ते यामुळे. आवाज दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातून जास्त येतो, त्याचेही कारण हेच.

हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. ऊन, ओझोन आणि पाणी ते चांगले सोसते. खनिज तेलाने मात्र फुगते आणि मऊ पडते. म्हणून ते डिझेलने पुसणे किंवा त्याला ग्रीस, इंजिन ऑइल लावणे ही सवय घातकच म्हणावी लागेल. सौम्य साबणाचे पाणी आणि नंतर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात एवढे पुरते. पट्टीचा एक भाग पत्र्याच्या कडेला चिमट्यासारखा पकडतो. त्यात धातूचा गाभा असतो. दुसरा भाग म्हणजे स्पंजासारखी पोकळ नळी. दार लावले की ती दबते आणि तिच्यातली हवा बारीक भोकांतून बाहेर पडते. ही भोके गोंदाने बुजवू नयेत. वर्षानुवर्षे दबून राहिलेली नळी पुन्हा फुगत नाही.

दुरुस्तीत सर्वांत मोलाचे काम जागा शोधण्याचे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते. थेट नवे रबर घालायची घाई होते, दोष मात्र दुसरीकडेच असतो. केबिनमध्ये आवाज परावर्तित होतो, त्यामुळे कानावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. कागदाची पट्टी रबरावर धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. वीतभर अंतराने चौकटभर हे करत जावे. कागद सहज निसटला तर तिथे दाब कमी आहे. त्यानंतर दाराच्या सगळ्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून नेहमीच्या वेगाने गाडी चालवावी. आवाज थांबला तर एकेक तुकडा काढत पुन्हा फेरी मारावी. टेप लावूनही आवाज तसाच राहिला तर आरशाचा पाया, छतावरची पट्टी किंवा पावसाळ्यासाठी काचेवर चिकटवलेले व्हायझर तपासावे. व्हायझरचा दोष दाराच्या माथी अनेकदा मारला जातो.

रबर नुसते सरकले असेल तर ते उपटून, पत्र्याची वाकलेली कड सरळ करून, कोपऱ्यापासून हाताने दाबत बसवावे. ओढून ताणू नये. ताणलेले रबर आखडते आणि कोपऱ्यात वर उचलले जाते. रबर ठीक असूनही सगळीकडे दाब कमी लागत असेल तर दार नीट लागत नाही असे समजावे. दार अर्धे उघडून टोकाला धरून वर-खाली हलवावे. ते डुलले तर बिजागरी झिजली आहे. आधी ती दुरुस्त करावी. डुलत नसेल तर लॉक ज्या कडीत अडकते तो स्ट्रायकर आत घ्यावा. बोल्ट सैल करण्याआधी त्याची मूळ जागा पेनाने आखून ठेवावी, कारण एकेक मिलिमीटरनेच फरक पडतो. फार आत गेला तर दार आपटावे लागते आणि लॉक अर्धेच अडकते. बोल्ट पुरेसे आवळणे ही सुरक्षिततेची बाब आहे, कारण अपघातात दार बंद राखण्याचे काम हाच स्ट्रायकर करतो.

नळी चपटी झाली असेल किंवा चिरली असेल तर त्याच मॉडेलचे रबर घालणे उत्तम. बाजारातल्या मीटरवर मिळणाऱ्या पट्टीची नळी जाड किंवा कडक निघाली तर दार बाहेर राहते आणि आवाज वाढतोही. नवे रबर बसल्यावर सुरुवातीला दार जड लागते. म्हणून लगेच स्ट्रायकर पुन्हा बाहेरच्या बाजूला सरकवू नये. काही आठवड्यांत नळी दारापुरती दबते आणि दार पूर्वीसारखे लागू लागते.